पाटी नसलेली गाडी

एकतीस वर्षं डोक्यावर पाटी घेऊन फिरलो.
तासगाव–विटा. विटा–स्वारगेट.
सांगली–कोल्हापूर विनाथांबा,
जिला प्रत्येक फाट्यावर कोणीतरी हात करायचंच.
आता सायकल आहे.
बाबालाल तांबोळीनं जुन्याच सांगाड्यात
जाड नक्षीचे टायर बसवून दिले, म्हणाला,
मुरमावर धरतील, डांबरावर मात्र कुरकुरतील.
मी म्हटलं, डांबराचं नावच काढू नकोस.

पलूसच्या पुढं कालव्याचा रस्ता लागतो.
रस्ता म्हणजे काय,
पाटबंधारेवाल्यांच्या जीपसाठी टाकलेला मुरूम,
आणि जीप कधीचीच बंद पडलेली.
एका अंगाला पाणी, एका अंगाला बागा.
चाकाखाली तांबडे खडे
भाजके शेंगदाणे चावल्यागत वाजतात.
हॉर्न नाही.
हॉर्न नाही, एवढं कानाला पटायलाच
तीन किलोमीटर गेले.
डोळा अजून उजवीकडं आरसा शोधतो,
उतार आला की डावा पाय दाबतो
नसलेला क्लच.

पौषातले दिवस. द्राक्षांत पाणी उतरलंय,
घडांना कागद लावायची घाई.
रद्दीच्या गठ्ठ्यातून एकेक पान ओढून
बायका घड गुंडाळतात, पिना मारतात,
मांडवाखाली माना वर करून.
अख्ख्या बागेत बातम्या उलट्या लटकल्यात:
निवडणूक, सोन्याचा भाव, वधू पाहिजे,
कुणाचा तरी पहिला स्मृतिदिन.
वारा आला की सगळं जग एकदम सळसळतं
आणि मी न वाचता पुढं.

मग बाभळीचा काटा.
फस्स.
ट्यूब काढली, भोक सापडेना.
हौसाबाई म्हणून एक होती त्या बायकांत, ती आली.
औषधाच्या टाकीत नगा बुडवू, म्हणाली,
एवढा कालवा वाहतोय की.
आम्ही दोघं काठावर पालथे पडलो,
ट्यूब पाण्याखाली धरली.
कृष्णेचं पाणी, पंपांनी डोंगर चढवून आणलेलं,
त्यात एवढासा बुडबुडा.
'गावला!' ती ओरडली,
तिचंच काही हरवलं होतं असं.

'कुठं निघालाय?'
एकतीस वर्षं या प्रश्नाला मी
नुसता अंगठा वर करायचो.
वाचा. लिहिलंय.
आज वर बघितलं. आभाळ होतं, एक घार होती.
'कुठं नाही,' म्हटलं.
'मग सावकाश जावा की,' ती म्हणाली
आणि एक घड कापून दिला, कागदासकट,
हँडलला अडकवायला.

देवराष्ट्र्याच्या अलीकडं कालवा डोंगरात शिरतो,
त्याचं तो बघून घेतो.
मी वरनं, सागरेश्वरच्या तारेकडेनं.
धावडा, खैर, मधेच हिवराचं एखादं झाड,
वाळलेलं गवत, आणि वळणावर
रस्त्याच्या मधोमध चितळाची मादी.
ब्रेक दाबला.
मागं गाडी नव्हती. कंट्रोलरची शिट्टी नव्हती.
जन्मातला पहिला थांबा
जिथं कोणी चढलं नाही, कोणी उतरलं नाही,
आणि मला उशीर झाला नाही.
तिनं हँडलकडं बघितलं, घडाकडं,
माझ्याकडं जरा कमीच,
आणि तार जिथं वाकलेली होती तिथून
निघून गेली. तिला ती जागा पाठ होती.

दगडावर बसून कागद सोडला.
कराडजवळ कंटेनर उलटला, पाच तास हायवे बंद,
दोन्ही बाजूंनी वाहनांच्या
पुढचं फाटलेलं.
त्या रांगेत आमच्या डेपोची गाडी असणार कुठंतरी,
ड्रायव्हर खाली उतरून
टायरला उगाच लाथ मारत असणार.
मीही मारायचो.

दाणे खाल्ले. आंबट होते अजून,
आठवडाभर तरी थांबायला हवं होतं.
कागदाची घडी घातली,
खिशात ठेवली.